डॉ. कमल रणदिवे : परळच्या प्रयोगशाळेतल्या पेशी आणि आपल्या मणक्याची गादी

मणक्यातली गादी झिजली आहे, असे एमआरआयच्या अहवालात वाचल्यावर अनेक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हमखास एक प्रश्न विचारतात. स्टेम सेलचे इंजेक्शन दिले तर गादी पुन्हा भरून येईल का? मोबाइलवर आलेल्या जाहिरातीत तसे लिहिलेले असते. खर्चाचा आकडाही बराच मोठा असतो.

या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट कळायला हवी : माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवतात कशा, आणि अशा वाढवलेल्या पेशींवर किती विश्वास ठेवायचा? भारतात हे काम ज्यांनी सुरू केले त्या डॉ. कमल रणदिवे यांचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर फार चांगले समजावते. त्यांची प्रयोगशाळा मुंबईत, परळला होती. त्यांनी स्वतः मणक्याच्या गादीवर संशोधन केले नाही. पण गादीसाठी आज ज्या पेशींची चर्चा होते, त्या पेशी हाताळण्याची विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले आहे.

थोडक्यात :

• डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा मुंबईत उभारली.
• मणक्याच्या गादीत दुरुस्तीची क्षमता असलेल्या प्रोजेनिटर पेशी असतात. वय वाढते आणि गादी झिजते तशा त्या कमी होतात.
• या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात. मात्र त्या टोचून झिजलेली गादी पूर्ववत होते, हे अजून सिद्ध झालेले नाही.
• गादीच्या झिजेसाठी स्टेम सेलचा वापर आज फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच करता येतो. त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे योग्य नाही.

पुण्यातले बालपण आणि शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. सर्व मुलांनी, विशेषतः मुलींनी, उत्तम शिकावे असा त्यांचा आग्रह होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे वडिलांच्या मनात होते. कमल यांनी मात्र वैद्यकीय शिक्षणाऐवजी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे यांचा अभ्यास केला. १९४३ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. सीताफळाच्या गुणसूत्रांचा कर्करोगाशी किंवा मणक्याशी काय संबंध, असे वाटू शकते. पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशी पाहायची, तिच्यातला बदल कसा ओळखायचा आणि दिसले तेवढेच कसे नोंदवायचे, ही शिस्त त्यांना याच अभ्यासातून मिळाली.

१९३९ साली त्यांचा विवाह जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी झाला. ते गणिताचे जाणकार होते. वडिलांची डॉक्टर जावयाची इच्छा इथेही पूर्ण झाली नाही. पण कमल यांच्या पुढच्या शिक्षणात पतीची मोठी साथ लाभली. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या.

परळ आणि डॉ. खानोलकर

त्या काळचे परळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे, कामगारांच्या चाळी आणि त्यांच्या मधोमध रुग्णालये. केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. हाफकिन संस्था त्याच्याही आधीपासून होती. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयाची त्यात भर पडली. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा, पाया घालणारे म्हणून ते ओळखले जातात.

कमल रणदिवे टाटा मेमोरियलमध्ये काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाच्या पीएचडीसाठी संशोधन करू लागल्या. विषय होता स्तनाचा कर्करोग. काही वंशांच्या उंदरांना हा कर्करोग सहज होतो, काहींना क्वचित होतो. असे का होते, हे शोधण्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांची तुलना केली. आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरके आणि विषाणू यांचा कर्करोगाशी असलेला संबंध हा पुढे त्यांच्या आयुष्यभराचा विषय झाला. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते.

१९४९ साली त्यांना पीएचडी मिळाली. खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत जाऊन पुढचे शिक्षण घेण्याचा सल्ला दिला.

बाल्टिमोर : पेशी शरीराबाहेर कशी जगते?

शिष्यवृत्ती मिळवून रणदिवे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. टिश्यू कल्चर शिकायला याहून योग्य जागा त्या वेळी जगात क्वचितच होती.

टिश्यू कल्चर म्हटले की आपल्याकडे केळीची रोपे आठवतात. तत्त्व तेच आहे, पण प्राण्याची पेशी फार नाजूक असते. तिला सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान लागते. क्षार, साखर, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि रक्तद्रव यांचे योग्य मिश्रण लागते. या मिश्रणाला संवर्धक द्रव म्हणतात. तो दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. पेशींनी टाकलेल्या आम्लामुळे द्रव बिघडू द्यायचा नसतो. हवेतला एखादा जंतू किंवा बुरशीचा कण आत गेला तरी अनेक आठवड्यांचे काम वाया जाते.

गाय यांनी १९३० च्या दशकात एक साधी पण उपयोगी युक्ती काढली होती. पेशी असलेल्या काचेच्या नळ्या ते एका पिंपात बसवत आणि ते पिंप संथ फिरवत ठेवत. त्यामुळे पेशी आळीपाळीने द्रवात आणि हवेत राहत. पोषणही मिळे आणि प्राणवायूही. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवण्यात आल्या. हेला या नावाने त्या पेशी आजही जगभर वापरल्या जातात. त्या घेताना लॅक्स यांना विचारले गेले नव्हते. रुग्णाच्या पेशी घेण्याआधी त्याची लेखी संमती घेतली पाहिजे, हे आज आपण गृहीत धरतो. त्यामागे अशा घटनांचाही इतिहास आहे.

देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा

१९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक होते. बाल्टिमोरहून परतलेल्या रणदिवे तिथे वरिष्ठ संशोधन अधिकारी झाल्या. प्रायोगिक जीवशास्त्राचा विभाग आणि देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी इथे उभी केली.

आज संवर्धक द्रव बाटलीत तयार मिळतो. त्या काळात तसे नव्हते. पुढे १९६० च्या दशकात रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवर्धक द्रव आणि त्याला लागणारी रसायने इथेच विकसित केली. परदेशात गेलेल्या तरुण जीवशास्त्रज्ञांना आणि रसायनशास्त्रज्ञांना परत येऊन इथे काम करण्याची संधी त्यांनी दिली. कर्करोगाची कारणे, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशक्ती यांवर काम करणारे नवे विभाग सुरू झाले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचे प्रभारी संचालकपद सांभाळले. याच सुमारास, १९६६ साली, रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले.

काचेच्या बशीतली पेशी आणि गादीतली पेशी

इथे क्षणभर थांबून मणक्याच्या गादीकडे पाहू. प्रयोगशाळेतली पेशी आणि गादीतली पेशी किती वेगळ्या परिस्थितीत राहतात, हे कळले की पुढचे बरेच सोपे होते.

आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या मध्यभागी जेलीसारखा मऊ गाभा असतो. तरुणपणी त्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. त्याभोवती चिवट तंतूंचे एकावर एक थर असतात. वर आणि खाली कूर्चेची पातळ चकती असते. गाभ्यातले पाणी धरून ठेवणारे पदार्थ तिथल्या पेशी तयार करतात. या पेशी गादीच्या आकारमानाच्या जेमतेम एक टक्का असतात. एवढ्या थोड्या पेशींवर सगळ्या गादीची देखभाल अवलंबून असते.

शिवाय मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. रक्तपुरवठा नसलेला शरीरातला हा सर्वांत मोठा अवयव मानतात. प्राणवायू आणि साखर वरच्या-खालच्या चकत्यांमधून हळूहळू झिरपत आत येतात. त्यामुळे गाभ्यात प्राणवायू कमी, साखर कमी आणि आम्ल जास्त असते. वर शरीराचा भार असतोच. वयानुसार चकत्या कडक होतात आणि हे झिरपणेही घटते. पेशी कमी होतात, पाणी घटते, गादीची उंची कमी होते. रुग्णाला आपण मणक्यात गॅप आली किंवा गॅप कमी झाली असे सांगतो, ते बहुतेक वेळा हेच असते.

आता प्रयोगशाळेतली पेशी पाहा. तिला भरपूर साखर मिळते, नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये जवळजवळ हवेइतका प्राणवायू मिळतो, आम्ल साचले की द्रव बदलला जातो आणि अंगावर भार नसतो. तिथे जोमाने वाढणारी पेशी झिजलेल्या गादीत तशीच वाढेल, असे म्हणता येत नाही.

कुष्ठरोगाचा जंतू : वाढवले ते नेमके काय?

हीच अडचण रणदिवे यांच्या प्रयोगशाळेला एका वेगळ्या रोगाच्या बाबतीत भेटली. तो रोग होता कुष्ठरोग. याचा जंतू १८७३ साली सापडला. पण प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात तो कोणालाच वाढवता आला नव्हता. आजही आलेला नाही. जंतू वाढवता येत नसल्याने औषधे आणि लस यांचे काम अडत होते.

हा जंतू शरीरात चेतातंतूंमध्ये शिरतो. खानोलकरांचा या विषयाचा मोठा अभ्यास होता. मग चेतापेशींच्या सोबतीनेच तो वाढवून पाहिला तर? कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांना लागून, चेतापेशींच्या छोट्या गाठी असतात. मानवी गर्भाच्या अशा गाठींच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांत कुष्ठरुग्णाच्या गाठीतला अंश मिसळून प्रयोग केले गेले. १९५८ साली त्यातून एक जंतू वेगळा मिळाला आणि तो पुढे वाढवताही आला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू म्हटले जाते.

हा कुष्ठरोगाचाच जंतू आहे, असे लगेच मानण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण विज्ञानात पुढचा प्रश्न असतो : जे वाढले ते नेमके काय आहे? अनेक वर्षांच्या तपासण्यांनंतर दिसले, की तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच्या दूरच्या नात्यातल्या एका वेगळ्या गटातला असावा. तरीही त्याचा एक गुण उपयोगाचा होता. तो कुष्ठरोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती जागी करू शकत होता. १९७९ साली डॉ. माधव देव यांनी त्याच संस्थेत या जंतूपासून लस तयार केली.

त्यानंतर लस माणसांवर पारखायची होती. १९९१ साली तमिळनाडूत मोठी चाचणी सुरू झाली. चार वेगवेगळ्या लसींची तुलना करायची होती आणि एका गटाला लसीऐवजी परिणामशून्य टोचणी द्यायची होती. सुमारे १ लाख ७१ हजार लोक त्यात सहभागी झाले. कोणाला काय टोचले, हे तपासणाऱ्यांनाही माहीत नव्हते. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयसीआरसी लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलेले दिसले.

१९५८ ते १९९८. प्रयोगशाळेत जंतू वाढल्यापासून माणसांत त्याचा उपयोग मोजला जाईपर्यंत ४० वर्षे गेली. तोपर्यंत अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचारपद्धतीने कुष्ठरोग बराच आटोक्यात आणला होता आणि ही लस सार्वत्रिक वापरात आली नाही. ही वर्षे वाया गेली नाहीत. या काळात तीन प्रश्न क्रमाने सोडवले गेले. वाढवले ते नेमके काय आहे? ते शरीरात काय करते? आणि ज्यांना ते दिले नाही त्यांच्यापेक्षा दिलेल्यांना खरेच फायदा झाला का? गादीच्या इंजेक्शनलाही हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न : गादीतल्या या पेशी नेमक्या कोणत्या?

ज्या पेशींपासून विशिष्ट प्रकारच्या नव्या पेशी तयार होऊ शकतात, त्यांना प्रोजेनिटर पेशी म्हणतात. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, अनेक प्रकारच्या पेशी घडवू शकते आणि स्वतःसारख्या पेशीही दीर्घकाळ बनवत राहते. प्रोजेनिटर पेशी तिच्या पुढच्या टप्प्यावर असते. तिचा आवाका मर्यादित असतो.

लहान मुलांच्या गादीत गर्भावस्थेपासून आलेल्या काही मोठ्या पेशी असतात. माणसात त्या साधारण दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ नाहीशा होतात. त्यामुळे मोठेपणी गादीत दुरुस्ती करणारे कोणी उरतच नाही, असा समज बराच काळ होता. २००७ साली अमेरिकेतल्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या एका गटाने झिजलेल्या मानवी गादीतही प्रोजेनिटर पेशी असल्याचा पुरावा मांडला. या गटात पूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संशोधन केलेले मकरंद रिसबूड होते. २०१२ साली जपानमधल्या तोकाई विद्यापीठाच्या दाइसुके साकाई यांच्या गटाने गाभ्यातल्या अशा पेशी ओळखण्याची खूण दाखवली. या पेशींच्या पृष्ठभागावर टाय-टू नावाचे प्रथिन असते. वय वाढते आणि गादी झिजते तशी या पेशींची संख्या घटते, हेही त्यांनी दाखवले.

म्हणजे जिथे दुरुस्तीची गरज सर्वांत जास्त, तिथेच दुरुस्ती करणाऱ्या पेशी सर्वांत कमी. म्हणून दोन दिशांनी संशोधन चालू आहे. एक, उरलेल्या पेशींना जिवंत आणि कामाचे ठेवणे. दोन, बाहेर वाढवलेल्या पेशी गादीत सोडणे. त्या पेशी गादीतल्या असू शकतात किंवा अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या.

जाहिरातीत मात्र सरसकट स्टेम सेल एवढेच लिहिलेले असते. पोटाच्या चरबीतून काढून त्याच दिवशी टोचलेल्या द्रवात अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते. ते गादीतल्या प्रोजेनिटर पेशींसारखे नसते.

दुसरा आणि तिसरा प्रश्न : त्या शरीरात काय करतात? फायदा होतो का?

प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही आशादायक निष्कर्ष आहेत. धोकेही दिसले आहेत. सशांवरच्या एका प्रयोगात टोचलेल्या पेशी गादीबाहेर गळल्या आणि तिथे हाडाची वाढ झाली. गादीत सुई घालताना जंतुसंसर्गाचा धोका असतोच. रक्तपुरवठा नसल्याने असा संसर्ग बरा व्हायला वेळ लागतो.

माणसांवरची सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात झाली. गादीच्या झिजेमुळे दीर्घकाळ कंबरदुखी असलेले ४०४ रुग्ण त्यात होते. काहींना दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशींचे एक इंजेक्शन दिले आणि काहींना नुसते सलाइन. वेदना आणि हालचाल या दोन्हींत ठरवलेली सुधारणा हे मुख्य उद्दिष्ट होते. ते साध्य झाले नाही. फक्त वेदनेच्या काही मोजमापांत फरक दिसला, म्हणून त्यावर भर देणारी पुढची चाचणी हाती घेण्यात आली.

नुसत्या सलाइनचा गट का लागतो, हे नातेवाईकांनी जरूर समजून घ्यावे. कंबरदुखी आपोआप कमी-जास्त होते. इंजेक्शननंतर विश्रांती, व्यायाम आणि आशा यांचाही परिणाम होतो. त्यामुळे सलाइन घेतलेल्या काहींनाही बरे वाटते. एखाद्या ओळखीच्या माणसाला इंजेक्शननंतर आराम पडला, तर तो आराम खरा असतो. तो पेशींमुळेच पडला, हे एका माणसावरून ठरत नाही. अशा तुलनेत पेशी नक्की सरस ठरल्या, असे आजपर्यंत ठामपणे दिसलेले नाही.

भारतातला नियम काय सांगतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठीचे मूळपेशी प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा आहे. गादीची झीज त्यात येते. कोणी स्टेम सेल किंवा प्रोजेनिटर सेल इंजेक्शन सुचवले, तर हे विचारा :

१. ही चाचणी आहे का? भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, तिचा क्रमांक काय? (नुसती नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे.)
२. औषध नियंत्रकांची आणि नैतिकता समितीची मंजुरी आहे का?
३. कोणत्या पेशी? कुठून घेतल्या, कुठे वाढवल्या, कोणी तपासल्या?
४. तुलनेसाठी दुसरा गट आहे का?
५. इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार?
६. मला पैसे द्यावे लागणार आहेत का? चाचणीतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पॅकेज सांगितले तर तिथेच थांबा.

आज गादीच्या त्रासावर काय करावे?

सर्वप्रथम, एमआरआयला घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांत विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांत गादीची झीज आढळली आहे. अहवालातली झीज हेच तुमच्या दुखण्याचे कारण असेल असे नाही.

गादी सरकून पायात कळ येणाऱ्या बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बराच आराम पडतो. हालचाल सुरू ठेवणे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि गरजेपुरती वेदनाशामके यांचा उपयोग होतो. धूम्रपान सोडावे. त्याने गादीपर्यंत झिरपणारे पोषण आणखी घटते.

पुढील लक्षणे असतील तर मात्र वेळ घालवू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणे : असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जा. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि तो औषधांनी बरा होतो.

शेवटची वर्षे

१९७३ साली रणदिवे आणि त्यांच्या ११ सहकारी शास्त्रज्ञांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. संशोधनात येणाऱ्या मुलींना आधार मिळावा, हा हेतू होता. संघटनेचे काम आज वाशीहून चालते. शिकून परदेशी गेलेल्यांनी परत येऊन आपले ज्ञान इथल्या लोकांसाठी वापरावे, असे त्या सतत सांगत. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेबाहेरही त्यांचे काम चालू होते. अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. १९८९ साली निवृत्त झाल्यावर ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवणे, आहाराची माहिती देणे हे काम त्यांनी केले. एप्रिल २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेचे संशोधन नवी मुंबईत खारघरच्या मोठ्या संकुलात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये, सुरू झाले. परळचे रुग्णालय आजही रोज देशभरातून आलेल्या रुग्णांनी भरलेले असते.

गादीतल्या प्रोजेनिटर पेशींवरचे संशोधन खरे आहे आणि त्यातून पुढे उपचार निघू शकतील. तो उपचार सिद्ध होईल तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडून तुम्हाला कळेलच. तोपर्यंत गादी पुन्हा भरून देण्याचे आश्वासन कोणी पैशांच्या बदल्यात दिले, तर कागदावर सही करण्याआधी वरचे सहा प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी मागा.

या लेखातली माहिती सर्वसाधारण आहे. तपासणी आणि उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.